तोरणमाळच्या मास्तरास

शहादा,
श्रावण

चि. बापू यास,


तुझं पत्र आणि वही दोन्ही मिळालं. वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. जूनमध्ये तोरणमाळला रुजू झाल्यापासून जे जे वाचलंस त्याची तू नोंद ठेवतो आहेस, हे पाहून फार बरं वाटलं. डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि उजव्या पानावर तुझा अभिप्राय. डावी पानं अगदी चोख आहेत. उजवी पानं मात्र मला अजून तुझी वाटत नाहीत. तू खरं मत मागितलंस म्हणून खरं लिहितो, वाईट वाटून घेऊ नकोस.

'अप्रतिम', 'वाचनीय', 'मन हेलावून टाकणारं', 'प्रत्येकाने वाचायलाच हवं.' वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर हे शब्द मी रोज ऐकतो. बोलणारी माणसं खोटं बोलत नसतात. पण त्यावरून मला पुढच्या सभासदाला काही सांगता येत नाही. 'बनगरवाडी'ही अप्रतिम आणि 'तोत्तोचान'ही अप्रतिम, मग समोर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती यातलं कुठलं द्यायचं? हे शब्द बहुतेक वेळा मलपृष्ठावरून येतात, नाहीतर प्रस्तावनेतून. पुस्तक वाचून झाल्यावर ज्याला आपलं म्हणणं सापडत नाही, तो छापलेलं म्हणणं उचलतो. तुला ते उचलायची गरज नाही, कारण तुझ्यापाशी स्वतःचं आहे. ते तू खोडतो आहेस, एवढीच माझी तक्रार.

'बनगरवाडी'च्या नोंदीखाली तू एक ओळ लिहून तिच्यावर रेघोट्या मारल्या आहेस. पान उजेडात धरलं की ती वाचता येते. दिवाळीनंतर माझा वर्गही असाच रिकामा होईल का, असं तू लिहिलं होतंस. बापू, सबंध वहीत मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच ओळ. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९५५ सालचं. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, मुलं मेंढरांमागे रानात गेलेली असतात, शाळेत कुणी येत नाही. ही गोष्ट लाखोंनी वाचली असेल. पण सातपुड्याच्या माथ्यावर, पावरा आणि भिल्ल मुलांच्या वर्गात उभं राहून ती वाचणारे किती असतील? तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, घरात मागे कुणी म्हातारं नसेल तर मुलंही बरोबर जातात, आणि होळीच्या सुमारास भोंगऱ्या बाजार भरायला लागले की माणसं परततात. तू अजून एकही दिवाळी तिथे काढलेली नाहीस. तरी एका कादंबरीने तुला ती रिकामी बाकं आधीच दाखवली. ललित पुस्तक वाचल्याचा याहून मोठा लाभ मला माहीत नाही. ती ओळ पुन्हा स्वच्छ अक्षरात लिही.

आणि तेवढ्यावर थांबू नकोस. माडगूळकरांचा मास्तर शिकवायला गेला खरा, पण गाव त्याला हळूहळू पत्रं लिहून देणारा, तालुक्याच्या गावाहून कामं करून आणणारा, भांडणात मध्ये पडणारा माणूस करून टाकतं. तो तालीम बांधायला घेतो आणि ती बांधूनही होते. पुढे दुष्काळ येतो आणि गावच उठून जातं. माडगूळकर यात कुणाला दोषी धरत नाहीत, मास्तराला थोरही करत नाहीत. मला या पुस्तकात सगळ्यात खोल वाटतं ते हे की, मास्तराचं काम फुकट गेलं की सार्थकी लागलं याचा निकाल लेखकाने दिलेला नाही. तुझं मत काय? इथे 'अप्रतिम' लिहून सुटका होत नाही. तुला ठरवावं लागेल, आणि आजचं तुझं ठरवणं पाच वर्षांनी बदलेल. म्हणूनच ते तारीख घालून लिहायचं.

'कोसला'विषयी तुझी नोंद वाचली. 'महान कादंबरी' असं लिहिलं आहेस. पण पुस्तक परत आलं तेव्हा तुझी खूण निम्म्याच्याही अलीकडे होती. मला त्याचं काही वाटलं नाही. नेमाडे सातपुड्याच्याच पायथ्याचे, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. १९६३ साली आलेलं हे पुस्तक काहींना पहिल्या पानापासून धरून ठेवतं, काहींना अजिबात जवळ येऊ देत नाही. तुला ते जवळ आलं नसेल तर तसं लिही, आणि कुठल्या पानावर सोडलंस तेही लिही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल खरं बोलता येणं हा वाचकाचा हक्क आहे. लेखकाला ज्ञानपीठ मिळालं म्हणून तो हक्क जात नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढून बघ. माझं मत विचारशील तर वसतिगृहाचा भाग मला आजही ताजा वाटतो, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग वाचताना मला अजून पुस्तक खाली ठेवावं लागतं.

आता कथा-कादंबऱ्या सोडून वास्तव लेखनाकडे येतो, कारण तिथे तुला जास्त जपून पावलं टाकायला हवीत. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तू दोन रात्रींत संपवलंस असं लिहितोस. असं पुस्तक इतक्या भरभर वाचू नये. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची ही हकीकत. १९७० साली पुस्तक आलं, पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई पुण्याच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्याच आदिवासी समाजाबाहेरच्या. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर राबायचं, अशा माणसाला तिकडे लग्नगडी म्हणत. हा भाग वाचून तू 'अंगावर काटा आला' असं लिहिलंस. काटा येणं साहजिक आहे. पण तुझ्या अभिप्रायात मला त्यानंतरचा प्रश्न हवा होता, आमच्याकडे काय होतं?

आमच्याकडे सालदार होते. मी ज्या शहाद्यात बसून हे लिहितो आहे, त्याच तालुक्याच्या काळ्या कसदार जमिनीवर आदिवासी वर्षाच्या बोलीवर राबत. त्यांच्या जमिनी कर्जापोटी गेलेल्या होत्या. १९७२ च्या भूमुक्ती मेळाव्यानंतर इथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराज हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्या चळवळीत बायांनी गावोगाव दारूचे गुत्ते मोडले. ही सगळी गोष्ट तुझ्या घाटाखाली घडली आणि तू इथे जन्मलास, इथे शिकलास, तरी ती तुला कुणी सांगितली नाही. गोदावरीबाईंचं पुस्तक वाचल्यावर जर तुला शहाद्याची चौकशी करावीशी वाटली, तर ते पुस्तक तुला लागू पडलं असं मी म्हणेन. नुसतं रडू आलं तर ते अर्धंच वाचून झालं.

त्याच चळवळीतले एक कार्यकर्ते वाहरू सोनवणे. त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ सालचा. आमच्याकडची प्रत फार जीर्ण झाली आहे, तरी बाइंडिंग करून पाठवतो. साक्री तालुक्यातल्या नजुबाई गावित यांची 'तृष्णा'ही पाठवतो. या दोघांना वाचताना तुला एक फरक जाणवेल. गोदावरीबाई आदिवासींबद्दल लिहितात, अत्यंत प्रामाणिकपणे लिहितात, पण त्यांना आधी समजून घ्यावं लागतं आणि मग आपल्याला समजावून सांगावं लागतं. नजुबाईंना समजावून सांगायची घाई नाही. भूक, राबणूक, घरातलं भांडण, आईचा धीर, सगळं एकाच पातळीवर येतं, कारण जगताना ते तसंच येतं. शहरी वाचकाला 'तृष्णा' कधी कधी विस्कळीत वाटते, टेबलावर तसं मला ऐकवलंही गेलं आहे. मला तो दोष वाटत नाही. तू वाच आणि मला पटवून दे की मी चुकतो आहे, किंवा नाही.

नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांबद्दल मात्र तुझ्याशी मला भांडायचंच आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' तू एकापाठोपाठ एक वाचलीस आणि दोन्हींखाली जवळपास तीच वाक्यं लिहिलीस, श्रद्धा, निसर्ग, आत्मशोध. गोनीदांचं गद्य मराठीतल्या सुंदर गद्यांपैकी आहे, यात वाद नाही. कुंट्यांचं लेखन त्यापुढे ओबडधोबड, पण चालणाऱ्या माणसाचा दम त्यात जाणवतो. हा फरकसुद्धा तुझ्या नोंदीत नाही. पण मुख्य गोष्ट दुसरीच. परिक्रमेच्या बहुतेक पुस्तकांत शूलपाणीची झाडी येते. तिथे भिल्ल येतात, परिक्रमावासीयाचं होतं नव्हतं ते काढून घेतात, आणि तो नेसत्या वस्त्रानिशी पुढे जातो. परिक्रमावासी त्यांना 'मामा' म्हणतात आणि लुटणं हीसुद्धा नर्मदामाईची परीक्षा समजतात. लिहिणाऱ्याची श्रद्धा मी मानतो. तरी ती झाडी म्हणजे कुठली? नर्मदेच्या दोन्ही काठांचे हेच डोंगर. अक्राणी-अक्कलकुव्याचा उत्तर कडा हा त्या झाडीचाच भाग. त्या 'मामा' लोकांची नातवंडं-पणतवंडं कदाचित तुझ्या वर्गात पाढे म्हणत असतील.

तू त्यांचा मास्तर आहेस. पुस्तकात हे 'मामा' दहा-वीस पानं येतात, घोंगडी आणि शिधा घेतात, आणि नाहीसे होतात. त्यांच्या घरी त्या वेळी काय शिजत होतं, हे त्या यात्रेकरूला कळायला मार्ग नव्हता. त्याने जेवढं पाहिलं तेवढं लिहिलं. पण तुला मार्ग आहे. अशा ठिकाणी वहीत लिहायला हवं की या पानावर लेखक माझ्या गावावरून गेला आणि त्याला हे हे दिसलं नाही. लेखकावर राग न धरता लिही. त्या पुस्तकाच्या पुढच्या वाचकाला तुझी नोंद हवी आहे, आणि ती पुण्यामुंबईचा समीक्षक देऊ शकणार नाही.

याच कारणासाठी 'झाडाझडती'वरची तुझी नोंद मला बाकीच्यांपेक्षा आवडली. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९९१ ची. धरणाखाली जाणाऱ्या गावाची आणि पुनर्वसनाच्या नावाखाली चाललेल्या परवडीची. मला ती काही ठिकाणी लांबलेली वाटते. लेखकाचा संताप पात्रांच्या तोंडून जरा जास्तच बोलतो. तरी तिच्याइतकी माहिती पोटात घेऊन उभी असलेली मराठी कादंबरी दुर्मीळ. तू लिहिलंस की कादंबरीतल्या शेतकऱ्याच्या हातात निदान सातबारा आहे, आणि तुमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या एका मुलाच्या आजोबांच्या हातात तोही नव्हता. शाबास. नेमकं हेच. सरदार सरोवरात महाराष्ट्राची जी ३३ गावं बाधित झाली ती सगळी आपल्याच जिल्ह्यातली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेलीत पाणी शिरलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि धरणाचे दरवाजे लावले गेले २०१७ साली. मधल्या सगळ्या वर्षांत कितीतरी कुटुंबं तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली. यातले पुष्कळ जण पिढ्यान्‌पिढ्या नेवाड, म्हणजे जंगलात काढलेलं शेत, कसत होते. कागदावर ती वनजमीन, म्हणून कसणारा अतिक्रमणदार. पश्चिम महाराष्ट्रातल्या धरणाची कादंबरी हे सांगू शकली नाही, कारण तिच्या मातीत ते नव्हतं. तू एका वाक्यात ते पुस्तकाशेजारी आणून ठेवलंस. आता त्या आजोबांना भेट, परवानगी घेऊन त्यांच्या तोंडून दोन पानं उतरवून घे, आणि ती 'झाडाझडती'च्या नोंदीला जोड.

मी स्वतः या पावसाळ्यात काय वाचलं ते तू विचारलंस. मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' पुन्हा वाचलं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली या गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. एवढी हकीकत वर्तमानपत्रातही वाचायला मिळते. पुस्तकाचं सामर्थ्य त्याच्या अलीकडे आहे, गाव निर्णय कसा घेतं त्याच्या सावकाश वर्णनात. बहुमताने काही ठरवायचं नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहायचं, आणि ठरवण्याआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. बोकील उगाच भारावून जात नाहीत. त्यामुळे विश्वास बसतो. मला मात्र एक गोष्ट सारखी टोचत राहिली. मेंढ्याला देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी चिवट माणसं वर्षानुवर्षं लाभली. ज्या गावांना तशी माणसं मिळत नाहीत त्यांचं काय, याचं पूर्ण उत्तर पुस्तकातून मिळत नाही. तरी शिक्षकाने ते वाचावं, कारण एक अख्खं गाव प्रौढ वयात विद्यार्थी झाल्याची ही गोष्ट आहे.

मारुती चितमपल्ली गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यानंतर मी 'चकवाचांदण' पुन्हा हाती घेतलं. वनखात्यातल्या नोकरीत आणि रानातल्या माणसांच्या संगतीत मिळालेलं ज्ञान त्यांनी आयुष्यभर मराठीत आणून ठेवलं. काही ठिकाणी ऐकीव आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होते असं मला वाटतं, आणि तिथे मी पेन्सिलीने लहानशी खूण करतो. (स्वतःच्या प्रतीवर, वाचनालयाच्या नव्हे.) हे पुस्तक तू वर्गात ने. सीताखाईच्या कड्यावर आणि यशवंत तलावाच्या काठावर मुलं जे पाखरू रोज पाहतात त्याबद्दल एक उतारा वाचून दाखव आणि विचार, हे बरोबर आहे का? छापलेल्या मजकुराची परीक्षा आपण घेऊ शकतो, हे ज्या दिवशी मुलाला कळेल त्या दिवशी त्याला पुस्तकाची भीती राहणार नाही. झापी, फलई, सिंदीदिगरच्या मुलांना पक्ष्यांच्या बाबतीत तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. मराठी तेवढी त्यांना नवीन आहे.

यावरून 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागीचं हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलं. शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात त्याचं नाव निघतं. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा सगळ्यांना आठवते. मला मात्र आठवतात ते पहिल्या दिवशीचे चार तास. दुसऱ्या शाळेने काढून टाकलेली मुलगी बोलत राहते आणि मुख्याध्यापक कोबायाशी ऐकत राहतात, तिचं बोलणं संपेपर्यंत. तुझ्या नोंदीत तू लिहिलंस, 'आपल्याकडेही अशा शाळा हव्यात.' हे सोपं झालं. कोबायाशींच्या शाळेत जेमतेम पन्नास मुलं होती, तुमच्या निवासी शाळेत त्याच्या कितीतरी पट. चार तास तू कुणालाच देऊ शकणार नाहीस. मग किती देऊ शकशील? आणि मूल पावरीत बोलू लागलं तर ऐकण्यापुरती पावरी तू कधी शिकणार? हे पुस्तक वाचून हाच प्रश्न पडायला हवा. उत्तर महिन्याभरात दे, पण दे.

पुस्तकं कशी जपायची तेही लिहितो, कारण पार्सल मोठं आहे. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर, श्रावणात धुकं खिडकीतून आत येतं, आणि लोखंडी पेटीत बंद केलेल्या पुस्तकांना आठवड्यात बुरशी धरते. पेटीत ठेवू नकोस. भिंतीपासून चार बोटं सुटी फळी ठोक, मध्ये वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेव. ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं उघडून वाऱ्यावर धर. प्रखर उन्हात ठेवू नकोस, पुठ्ठा वाकतो. बुरशी आलीच तर कोरड्या मऊ फडक्याने, घराबाहेर नेऊन पूस.

शेवटचं सांगणं, आणि याच्यासाठीच खरं तर एवढं पत्र लिहिलं. ही वही एकट्याची ठेवू नकोस. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. 'श्यामची आई' तुरुंगात लिहून होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रोज एक अंक तुला झेपणार नाही, झेपवायलाही नको. पंधरवड्याला एक फुलस्केप पान काढ. त्यात मुलांनी वाचलेल्या किंवा तू वाचून दाखवलेल्या गोष्टींवर मुलांचीच मतं असू देत. पावरीत, भिलोरीत, मराठीत, जशी येतील तशी, शुद्धलेखन न तपासता. 'आवडलं' एवढंच कुणी लिहिलं तर त्याला जवळ बसवून विचार, काय आवडलं, कुठे हसू आलं, कुठे खोटं वाटलं. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरव. तेजगडच्या भाषा केंद्राने 'ढोल' या नियतकालिकातून आदिवासी बोली छापून दाखवल्या आहेत. तेव्हा हे होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तुझ्या शाळेतल्या मुलांनी 'बनगरवाडी' ऐकून काय म्हटलं, हे आज महाराष्ट्रात कुणालाही माहीत नाही.

पहिलं पान तयार झालं की त्याची एक प्रत तोरणमाळच्या एसटीने इकडे पाठव. वाचनालयाच्या फलकावर, नव्या पुस्तकांच्या यादीशेजारी, मी ती लावणार आहे. इथल्या सभासदांनी ती उभ्याने वाचावी अशी माझी इच्छा आहे. वहीही परत पाठवतो आहे. खोडलेल्या ओळी आधी नीट लिहून काढ.

प्रकृतीला जप. थंडी लवकर सुरू होते तिकडे, घोंगडी ताईकडून मागवून घे.

तुझा,
मामा